उन्हाला घातलेली वाळू

सात वर्षं मी जे काम केलं त्याला मराठीत काय म्हणायचं, हे मला अजून नीट माहीत नाही. करारपत्रावर प्रोजेक्ट असिस्टंट असं लिहिलेलं होतं. गावोगावच्या लोकांनी आपापल्या परीने नावं दिली. आम्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, टेप लावून मोजायला लागलो की कोणीतरी येऊन विचारायचं, "रस्ता हितनं जातोय काय?" मंडणगडच्या बाजूला एका वाडीत तर आम्ही सोनं शोधतोय असंच ठरलं होतं. आम्ही बुजवलेले खड्डे कोणीतरी पुन्हा उकरून, आमच्यापेक्षा हातभर खोल जाऊन पाहिले होते. ऑफिसात हा किस्सा ऐकून सगळे हसले. मला मात्र ते रिकामे खड्डे बघून परत गेलेले लोक डोळ्यांसमोर येत राहिले.

काम थोडक्यात असं. पृथ्वीच्या इतिहासातला शेवटचा कालखंड, ज्यात आपण अजून आहोत, तो सुमारे सव्वीस लाख वर्षांचा आहे. या काळात पृथ्वी पुन्हा पुन्हा गारठली आणि पुन्हा पुन्हा उबदार झाली. याच काळात माणूस माणूस झाला. कोकणात हिमयुगाचा बर्फ कधी आला नाही. पण उत्तरेकडे जमिनीवर बर्फ साचत गेला की तेवढं पाणी समुद्रातून कमी व्हायचं आणि आपला समुद्र मागे सरायचा, कोसच्या कोस. आज ज्या पाण्यात ट्रॉलर फिरतात तिथे गवत होतं, ओढे होते, जनावरं होती, आणि बहुधा त्यांच्या मागावर फिरणारी माणसं होती. बर्फ वितळला की समुद्र परत यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. किनाऱ्याकिनाऱ्याने माणूस इथे कधी आला, याचा पुरावा त्यामुळे जवळजवळ सगळा पाण्याखाली आहे. जे थोडंफार वर राहिलं ते शोधायचं, मोजायचं आणि त्याचं वय काढायचं. प्रकल्पाचे प्रमुख, आमचे सर, पुण्यात असायचे. मी रत्नागिरीत, एका भाड्याच्या खोलीत. तिलाच आम्ही ऑफिस म्हणायचो.

त्या खोलीत लोक दगड घेऊन यायचे. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारे एक गृहस्थ सुट्टीच्या दिवशी नदीच्या पात्रात फिरून दगड गोळा करत. तीन वर्षांचा संग्रह त्यांनी एकदा जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणला आणि माझ्या टेबलावर ओळीने मांडला. मी एकेक उचलून "हा नाही" म्हणत बाजूला ठेवत गेले. धीर देणारं वाक्य मला वेळेवर सुचत नाही. शेवटून दुसरा दगड मात्र मी हातातच ठेवला. दगडावर दगड मारून टवका काढला की ठोका बसलेल्या जागेखाली हलकासा फुगवटा येतो. नदीत आपटून फुटलेल्या दगडाला तो सहसा नसतो. त्या टवक्याला होता.

"हा माणसाने केलाय," मी म्हटलं, आणि पेन्सिलीच्या टोकाने फुगवटा दाखवला.

त्यांनी फुगवट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कधी?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. दगड कोट्यवधी वर्षांचा असतो, पण तो फोडला कधी हे दगड सांगत नाही. तो ज्या थरात रुतून बसला त्या थराला विचारावं लागतं. पात्रातून उचललेल्या दगडाला थर नसतो.

"ते नाही सांगता येणार," मी म्हटलं.

त्यांनी सगळे दगड पिशवीत भरले, तोसुद्धा. "उगाच उचलला मग," असं म्हणाले आणि कंपनीची बस चुकेल म्हणून घाईने गेले.

थराला वय विचारण्याची आमची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. वाळूत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक कण असतात. असा कण मातीखाली गाडला गेला की भोवतालच्या मातीतला अगदी मंद किरणोत्सर्ग त्याच्यात साठत जातो. थेंब थेंब, हजारो वर्षं. त्याला ऊन लागलं की साठलेलं सगळं काही मिनिटांत निघून जातं आणि कण रिकामा होतो. प्रयोगशाळेत तांबड्या अंधूक दिव्याखाली कणात किती साठलंय ते मोजतात आणि त्यावरून तो शेवटचा उन्हात कधी होता ते काढतात. म्हणजे मोजला जातो तो अंधार. त्यामुळे वाळूचा नमुना घेताना तिला क्षणभरही उजेड दिसू द्यायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. तो मला झोपेत विचारला असता तरी सांगता आला असता, इंग्रजीत.

आता मूळ गोष्ट. गाव अंजनवेलच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आहे. नाव देत नाही, तिथल्या लोकांना पुरेसा त्रास होऊन गेला आहे. एका पावसाळ्यात समुद्राने किनाऱ्याची दरड खाल्ली आणि आतला भाग उघडा पडला. वर हातभर तांबडी माती, तिच्याखाली घट्ट झालेली पिवळट वाळू, आणि त्या वाळूत, जागच्या जागी रुतलेले, दगडाचे टवके. आमच्या साऱ्या कामात असं एकदाच सापडलं. टवके आणि त्यांचा थर, दोन्ही एकत्र. सरांनी फोटो पाहून फोन केला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. त्या वाळूचं वय कळलं असतं तर समुद्र दूर गेलेला असताना या किनाऱ्यावर माणूस होता का, याचं थोडं तरी उत्तर मिळालं असतं.

दरडीच्या वर, माडांच्या मागे, जनाकाकींचं घर होतं. पहिल्या दिवशी मी टेप घेऊन उभी होते, तेव्हा त्या अंगणातून बघत होत्या.

"काय गो, घर मोजायला आलीस काय?"

"नाही. वाळू."

"वाळू मोजतेस? मग तुजा जलम जायचा हितं."

जनाकाकींचं वय साठीच्या आसपास. सुक्या मासळीचा धंदा. घरामागे काठ्यांच्या मांडवावर बोंबील, अंगणात जाळ्यावर बांगडे. हंगामभर त्यांचा दिवस उन्हाच्या मागे फिरायचा. सावली सरकली की चटई सरकायची, ढग आला की सगळं आत. मासळी हाताने दाबून त्या ओलं-सुकं सांगत. "ओलं ऱ्हायलं की नासलं," हे त्यांचं वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. घराच्या मागच्या बाजूला बिनखिडकीची एक काळोखी खोली होती. तिथे पत्र्याचे डबे ओळीने लावलेले असत आणि प्रत्येक डब्यावर खडूने लिहिलेलं असे: सुकट, बोंबील, खारा बांगडा, आणि पावसाळ्याच्या बेगमीच्या डब्यावर आगोट. अक्षर ठसठशीत होतं. मला वाटायचं, मुंबईतली त्यांची मुलगी येऊन लिहून जात असेल. मी विचारलं नाही.

एकदा मी धुतलेले टवके त्यांच्या पडवीत वर्तमानपत्रावर मांडले होते. काकींनी एक उचलला.

"ह्याचं काय करायचे?"

"कापायचे. असं आम्हाला वाटतं."

काकींनी टोपलीतला एक बांगडा घेतला, टवका बोटांत दोनदा फिरवला आणि माशाचं पोट चिरलं. मी ओरडायला हवं होतं. नियमाप्रमाणे त्या टवक्याला मोजे घालून हात लावायचा होता.

"धार हाय गो अजून! पन हितं अंगठ्याला बोचतंय. थांब." त्यांनी टवका उलटा केला. आता त्यांचा अंगठा एका खोलगट जागेत बरोबर बसला. "हां. आसा धरायचा. जेनी केलान त्याला कळत व्हतं."

त्याच टवक्याचं चित्र काढून मी आदल्या आठवड्यात त्या खोलगट जागेपाशी 'प्रयोजन अज्ञात' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते खोडलं आणि 'अंगठा' लिहिलं. सरांनी फोनवर विचारलं, "याला आधार काय?" मी म्हटलं, "प्रात्यक्षिक." कसलं ते सांगितलं नाही. माझ्या सात वर्षांत मी कागदावर लिहिलेल्या शब्दांपैकी तो एक मला अजून आवडतो. त्या टवक्याला पुढे बरेच दिवस मासळीचा वास येत होता.

त्या दिवशी काकींना मी बर्फाचं आणि समुद्राचं सांगितलं. माझं शिक्षण रत्नागिरीतच झालं, पण इंग्रजी शाळेत, आणि हा विषय मी मराठीत कधी बोललेच नव्हते. एकेक वाक्य जुळवून बोलावं लागत होतं. काकी मासे फिरवत ऐकत होत्या. मी संपवल्यावर त्यांनी समुद्राकडे बघून विचारलं, "कितीसा लांब गेलावता?"

"नजर जाते त्याच्याही पलीकडे."

"म्हंजे आमचे हे जितं गेले, तितं?"

त्यांच्या यजमानांची होडी पुष्कळ वर्षांपूर्वी वादळात गेली होती. माणूस मिळाला नव्हता. हे मला गावात दुसऱ्यांकडून कळलं होतं. काकींनी स्वतः तो विषय काढला तो पहिल्यांदाच.

"तिथे जमीन होती, काकी."

"मानसं व्हती?"

"असतील. नक्की नाही माहीत. या वाळूचं वय कळलं तर सांगता येईल."

काकी उठून जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथूनच म्हणाल्या, "मग मोज, आनि मला येऊन सांग. मला वाटायचं तितं नुसतं पानीच. सुरवातीपासनं पानीच."

पुढच्या उन्हाळ्यात बंधारा मंजूर झाला. गावाने त्यासाठी कितीतरी वर्षं अर्ज केले होते. समुद्र काकींच्या शेवटच्या माडापर्यंत आला होता. बंधाऱ्याच्या पायासाठी दरड सरळ कापायची आणि तिथे मोठे दगड रचायचे, असा आराखडा होता. आमचा थर बरोबर त्याच रेषेत होता. सरांनी पत्रं लिहिली. थोडं उत्तरेकडे वळवता येईल का, एक पावसाळा थांबता येईल का. मीही एका कचेरीत दोनदा जाऊन बसले. माझ्या तोंडून धड वाक्य निघालं नाही, पण निघालं असतं तरी काय मागणार होते? तिथून परत येताना काकी भेटल्या.

"थांबवायला गेलीवतीस म्हने?"

मी मान हलवली.

"तुजी वाळू का माजं घर, बाय?" त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

"घर," मी म्हटलं. ते खरं होतं. तरी बोलताना जड गेलं.

मे महिन्यात, यंत्र यायच्या चार दिवस आधी, आम्ही नमुने घेतले. मी आणि आमचे गाडीचालक दिनेशदादा. टवक्यांच्या थराच्या वर एक, थरात एक, खाली एक, अशा तीन लोखंडी नळ्या दरडीत आडव्या ठोकायच्या, जाड काळं कापड पांघरून त्याखाली उकरून काढायच्या आणि दोन्ही तोंडं काळ्या प्लास्टिकने आणि चिकटपट्टीने बंद करायची. ठोकण्याआधी काकी नारळ घेऊन आल्या. दरडीसमोर उभं राहून त्यांनी जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा राखनदारा, ही पोर तुजी माती नेताय. चोरून नाय नेत, सांगून नेताय. ती सांबाळून नेईल, नासवायची नाय. ह्याला मी जामीन हाय." दिनेशदादांनी टोपी काढली. मी कापड धरून उभी होते. तेव्हा ते शब्द मला एक रीत म्हणून ऐकू आले.

यंत्राने दोन दिवसांत दरड कापली. तो थर आता पृथ्वीवर फक्त त्या तीन नळ्यांत उरला होता. शिवाय आमच्या कपाटात काही टवके, ज्यांना त्या वाळूवाचून वय नव्हतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेने कळवलं की पावसाळ्यानंतर आणा, आधीचेच नमुने रांगेत आहेत. ऑफिसचं छप्पर गळत होतं. मला काकींची काळोखी खोली आठवली. काळोख आणि काकी, दोन्हींवर माझा भरवसा होता. नळ्यांवर सरांनी ठरवून दिलेली लेबलं होती, ठळक इंग्रजी अक्षरांत. उघडू नये, प्रकाश लागू देऊ नये, असं त्यांवर लिहिलेलं होतं.

नळ्या फळीवर ठेवून मी म्हटलं, "काकी, हे इथेच राहू दे. हलवू नका."

"नाय हलवत. पन हाय काय त्यात येवडं?"

"तीच वाळू."

एवढ्यावर मी थांबले. पुढचं वाक्य मनात होतं, इंग्रजीत. ते मराठीत वळवून घेत होते तेवढ्यात बाहेर दिनेशदादांनी हॉर्न दिला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं मला आजही आठवतं. जुलैमध्ये मी एकदा फोन केला. काकी म्हणाल्या, "हायत हितंच. तू घोर करू नको." मी घोर केला नाही.

गणपती झाल्यावर मी नळ्या आणायला गेले. बंधारा उभा राहिला होता. पहिल्यांदाच त्या पावसाळ्यात काकींच्या अंगणात पाणी आलं नव्हतं. त्या आनंदात होत्या. मला पडवीत बसवून त्या आत गेल्या आणि तिन्ही नळ्या आडव्या हातांवर, लहान मूल आणावं तशा घेऊन आल्या. नळ्या स्वच्छ पुसलेल्या होत्या. तोंडं धुतलेल्या पांढऱ्या फडक्याने बांधलेली होती, वर सुतळीचे चार चार वेढे.

"काकी, पट्टी?"

"अगो, ती सुटली. भिंतीनं पानी मारलं ना आशाडात. नळ्यांना बुरशी धरली वरनं. मी हात लावला तर तोंडाशी ओल. माजा जीव ऱ्हायना. देवाला बोललेय मी, सांबाळून नेईल म्हनून. आनि माज्या घरात नासली तर?"

"मग?"

"मग काय, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. लख्ख! म्हटलं, आता काडते. तीन सुपं घेतली. एका सुपात एकच, मिसळली नाय हां. पातळ पसरली आनि दोन दिस हातानं परतली, बोंबील परततात तशी. कन न् कन सुकवलान उन्हानं. आता धा वर्सं ठेव, काय होत नाय तिला."

त्यांनी एक नळी माझ्यापुढे धरली. बांधलेल्या फडक्याजवळ कागदाची पट्टी डकवली होती, आणि तिच्यावर डब्यांवरचं ते ठसठशीत अक्षर होतं. वरची. मधली. खालची. प्रत्येकीवर तिथी.

काकी माझ्याकडे बघत होत्या. मला माहीत होतं त्या कशाची वाट बघताहेत.

"बरं केलंत, काकी," मी म्हटलं.

तिथूनच पुण्याला जाताना एसटीत नळ्या मांडीवर होत्या. चिपळूण सोडून गाडी घाटाला लागेपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. त्या पट्ट्या काढून टाकल्या, नवी काळी चिकटपट्टी लावली, तर कोणाला कळणार नाही. प्रयोगशाळेत कण रिकामे निघतील. सर म्हणतील, थर अलीकडेच ढवळलेला असावा, टवके वरून घरंगळले असावेत. चूक कोणाचीच होणार नाही. फक्त ज्याने तो टवका अंगठ्याला बसेल असा घडवला, तो तिथे नव्हताच असं कुठेतरी छापून येईल, आणि मग पुन्हा कोणी तिथे शोधणार नाही. कुंभार्ली घाटाच्या एका वळणावर मी एका पट्टीचं टोक नखाने सोडवलंसुद्धा. मग अंगठ्याने दाबून पुन्हा बसवलं.

पुण्यात सरांनी पट्ट्या वाचल्या. तीनदा वाचल्या असाव्यात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"या बाईंना कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाही. मला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही."

"लेबल तर होतं."

"इंग्रजीत होतं, सर."

लेबलाचा तो नमुना त्यांनीच अनेक वर्षांपूर्वी तयार केला होता. त्यांनी नोंदवही ओढली आणि तिन्ही क्रमांकांसमोर एकेक रेघ मारली. मी ओरडा खायची तयारी करून गेले होते. तो मिळाला असता तर बरं झालं असतं. निघताना सर म्हणाले, "बाईंनी थर मिसळले नाहीत, हे पाहिलंस? आमच्या विद्यार्थ्यांनाही हे शिकवावं लागतं."

प्रकल्पाला मुदतवाढ मागायची होती, ती त्या वाळूच्या वयाच्या जोरावर. वय मिळालं नाही, मुदतवाढही मिळाली नाही. टवके पुण्यात एका खोक्यात आहेत. खोक्यावर वयाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. मी आता रत्नागिरीतच, इमारतींच्या पायासाठी माती तपासणाऱ्या एका ठिकाणी काम करते. तशीच नळी, तसाच हातोडा. इथे 'कधी' असं कोणी विचारत नाही. किती भार पेलेल, एवढंच विचारतात.

काकींना सांगायला मी लगेच गेले नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला. मध्ये एकदा त्यांचा फोन आला, तो मी उचलला नाही. शेवटी एप्रिलमध्ये एका रविवारी गेले. काकी अंगणात बांगडे उलटत होत्या.

"आलीस! मेलीस का जितीस म्हटलं. कळलं काय गो वय वाळूचं?"

मी चटईच्या कडेला बसले. या वेळी वाक्यं आधीच मराठीत करून ठेवली होती, बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हटली होती. सगळं सांगितलं. वाळूत अंधार कसा साठतो, ऊन लागलं की तो कसा जातो, आणि आता तिथे मोजण्यासारखं काही का नाही. काकींचा हात मासळीवर होता तो तिथेच राहिला.

"म्हंजे मी घालवली."

"नाही. मी सांगायला हवं होतं."

"दोन दिस बसलेवते मी तिच्याजवळ. कावळं हाकत." त्यांनी मासळीवरचा हात काढून घेतला. "आनि तू बरं केलंत म्हनालीस."

त्यांनी बंधाऱ्याकडे मान वळवली.

"बंदाऱ्याखाली असंल ना थोडी?"

"नाही, काकी. तिथे काही उरलं नाही."

"मग तितं मानसं व्हती का नव्हती, ते?"

"ते आता या वाळूवरून नाही कळणार."

काकी समुद्राकडे बघत नव्हत्या. बंधाऱ्यामुळे अंगणात बसल्यावर आता समुद्र दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. मग त्यांनी विचारलं, "त्या नळीवर काय लिवलंवतंस गो, इंग्रजीत?"

"उघडू नये. उजेड लागू देऊ नये."

"मराठीत लिवायचंस," त्या म्हणाल्या. "चौथी झालेय मी. वाचलं असतं."

त्या पुन्हा बांगडे उलटायला लागल्या. मीही दुसऱ्या बाजूने उलटायला लागले. माझं चुकत होतं, त्यांनी दुरुस्त केलं नाही. निघताना त्यांनी नेहमीसारखी बोंबलांची पुडी दिली, पण एरवीसारखं तुझ्या आईला दे असं म्हणाल्या नाहीत. मी पुन्हा गेले तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुलीकडे मुंबईला गेल्यात. कधी येतील ते सांगून गेल्या नव्हत्या.

प्रयोगशाळेने नळ्या टाकून द्यायच्या ठरवल्या तेव्हा मी त्या मागून घेतल्या. त्या माझ्या कपाटात आहेत, कपड्यांच्या मागे. बंद नळ्यांत, अंधारात, आत कणांत पुन्हा थेंब थेंब साठायला लागलं असेल. फार हळू साठतं ते. नळ्यांवर दोन लेबलं आहेत. एक माझं, जे कोणी वाचलं नाही. दुसरं काकींचं. या वाळूबद्दल खात्रीने सांगता येईल अशी एकच गोष्ट आता उरली आहे, आणि ती त्यांनी लिहून ठेवली आहे:

'खालची. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी उन्हाला घातली. चांगली सुकली.'